कमला खानची पणजी

जर्सी सिटीत राहणाऱ्या सोळा वर्षांच्या कमला खानला अलौकिक शक्ती कुठून मिळाली, या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत. मार्व्हलने २०१४ साली सुरू केलेल्या ‘मिस मार्व्हल’ या कॉमिकमध्ये ती धुक्यातून मिळते. घरच्यांचा नकार असताना कमला रात्री पार्टीला जाते, तिथून हिरमुसून एकटीच परत निघते, वाटेत शहरावर एक विचित्र धुकं उतरतं आणि तिच्या शरीरात पिढ्यान्‌पिढ्या झोपलेलं काहीतरी जागं होतं. २०२२ साली डिस्ने प्लसवर आलेल्या मालिकेत हे धुकंच नाही. कराचीहून आजीने पाठवलेल्या खोक्यात एक जुनी बांगडी असते. ती पणजीची. कमला ती हातात चढवते आणि त्या हातातून प्रकाश फुटतो.

कॉमिक पडद्यावर आणताना कथानक छाटलं जातं, पात्रं गाळली जातात, पोशाख बदलतात. वाचक थोडे दिवस कुरकुरतात आणि विसरतात. नायिकेचं मूळ बदललं की मात्र तिची सगळी नाती हलतात. आई तिच्याशी कशी बोलेल, मित्राला ती काय सांगेल, शत्रू कोण असेल, हे पुन्हा पहिल्यापासून ठरवावं लागतं. धुकं कुणावरही उतरू शकतं. बांगडी आली की ती कुणाची, तिच्यापाशी कशी आली, मधल्या बायकांनी ती का घातली नाही, हे प्रश्न आपोआप येतात. कमलाच्या नव्या कथेत त्या प्रश्नांची उत्तरं १९४७ च्या फाळणीत सापडतात, आणि म्हणून पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या वाचकाला ही कथा दूरच्या अमेरिकेची वाटायचं कारण नाही.

पिंपरी स्टेशनाजवळच्या ज्या बाजारपेठेला जुने लोक अजून ‘कॅम्प’ म्हणतात, तिथे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी होती. कल्याणजवळच्या छावणीचं पुढे उल्हासनगर झालं, कोल्हापूरजवळ गांधीनगर वसलं, तशीच पवनेकाठच्या या गावात सिंधी वसाहत वाढली. त्या वेळी इथे ना औद्योगिक पट्टा होता ना महानगरपालिका. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ चा, मोटारी आणि स्कूटर त्यानंतरच्या, महापालिका १९८२ ची आणि चाकणमधल्या परदेशी गाड्यांचे कारखाने तर अगदी कालपरवाचे. आज शगुन चौकात लग्नाचा बस्ता बांधायला येणाऱ्या चाकण-भोसरीच्या कामगार कुटुंबाला समोरचा दुकानदार कोणत्या गावचा, हे विचारायचं सुचतही नाही. त्याच्या आजोबांचं गाव कराची, सिंधमधलं हैदराबाद, शिकारपूर किंवा लाडकाणा असण्याची शक्यता मोठी आहे.

पंजाबात १९४७ च्या ऑगस्टमध्येच रक्ताचा पूर आला. सिंध त्या मानाने शांत होता आणि अनेक हिंदू कुटुंबांनी, होईल सगळं सुरळीत, म्हणून वाट पाहिली. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि ती आशा संपली. त्यानंतर माणसं बंदराकडे धावली. कराचीहून बोटी भरभरून मुंबईला येऊ लागल्या. यातली एक गोष्ट मला फार बोचते. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीतल्या व्यापाऱ्याला मुंबई परकी नव्हती, कराचीत मराठी माणसांची वस्ती होती. एकाच इलाख्यातल्या दोन बंदरांमधला रोजचा प्रवास बारा वर्षांत देशत्याग होऊन बसला.

खान कुटुंब याच वाटेने उलट्या दिशेला गेलं आहे. २०१६ सालच्या कॉमिकच्या एका अंकात कमलाचे पणजोबा करीम आणि पणजी आयेशा १९४७ मध्ये मुंबई सोडून कराचीला निघतात. म्हणजे जगातल्या सर्वांत गाजलेल्या मुस्लिम सुपरनायिकेचं घराणं कागदावर मुंबईचं आहे, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. त्या अंकात घराण्याची बांगडीही आहे, पण तिच्यात जादू नाही. बाईच्या अंगावरचा दागिना ही पळून जाणाऱ्या कुटुंबाची पुंजी असते, तेवढंच तिचं काम. हा प्रसंग जिथे येतो ती जागाही विचार करून निवडलेली आहे. कमला तेव्हा तिच्या आदर्श नायिकेपासून, कॅप्टन मार्व्हल कॅरोल डॅनव्हर्सपासून दुरावत असते. भविष्यात गुन्हा करील असं भाकीत झालेल्या माणसाला आधीच पकडावं का, यावरून नायक-नायिकांमध्ये फूट पडलेली असते. आपली माणसं दोन बाजूंना विभागली जातात तेव्हा काय होतं, हे लेखिकेला पणजीच्या गोष्टीतून सांगायचं होतं.

कमलाचा जन्मच मुळी घरगुती गोष्टींतून झाला. तेव्हा मार्व्हलमध्ये संपादक असलेल्या सना अमानत न्यू जर्सीत पाकिस्तानी कुटुंबात वाढल्या. लहानपणचे किस्से त्या सहकारी संपादक स्टीव्हन वॅकर यांना सांगत होत्या आणि त्या गप्पांतून अशी नायिका काढावी ही कल्पना निघाली. लेखिका जी. विलो विल्सन आणि चित्रकार एड्रियन अल्फोना यांनी ती कागदावर उभी केली. २०१५ मध्ये पहिल्या संग्रहाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. वडील युसूफ, आई मुनीबा, धार्मिक वृत्तीचा भाऊ आमिर, मित्र ब्रुनो, मैत्रीण नाकिया: हे घर वाचणाऱ्याला पटलं, कारण त्यातले वाद खरे होते. पार्टीला जायचं की नाही, हा प्रश्न चिंचवडच्या घरात जसा येतो तसाच तिथे येतो.

कॉमिकमधलं धुकं मला सुरुवातीला सोयीचा मार्ग वाटलं होतं. पुन्हा वाचताना त्यातली खोली कळते. धुक्यात बेशुद्ध पडलेल्या कमलाला कॅप्टन मार्व्हल दिसते आणि ती चक्क अमीर खुसरोची वसंत ऋतूवरची रचना म्हणते. अमेरिकन नायिकेच्या तोंडी आईच्या भाषेतलं गाणं! तुला काय व्हायचंय, असं विचारल्यावर कमला म्हणते, तुझ्यासारखं. आणि ती शुद्धीवर येते ती गोरी, सोनेरी केसांची होऊन. मागितलेलं मिळाल्यावर तिला त्याची भीती वाटते. पुढचे कितीतरी अंक ती स्वतःच्या रूपात राहून माणसं वाचवायला शिकते. तिची शक्तीही शरीराचीच आहे: हात लांब होतात, मूठ घराएवढी होते, अंग आक्रसतं. वाढत्या वयातल्या मुलीला आपलंच शरीर अवघड वाटतं, त्याचं इतकं नेमकं चित्र सुपरनायिकांच्या कथांत क्वचितच आलं असेल.

पडद्यावर हे सगळं गेलं. धुक्याची कथा ज्या ‘इनह्युमन्स’ जमातीशी जोडलेली होती, तिच्यावरची २०१७ ची दूरचित्रवाणी मालिका आठ भागांतच आटोपली होती. मार्व्हलच्या चित्रपटविश्वात त्या जमातीला आधार उरला नव्हता. मालिकेच्या मुख्य लेखिका बिशा के. अली आणि त्यांच्या चमूला कमलासाठी नवं मूळ शोधणं भाग होतं. त्यांनी शरीर ताणण्याऐवजी घट्ट प्रकाशाची शक्ती दिली, जिच्यातून पायऱ्या, ढाली, मोठे हात तयार होतात. पडद्यावर हे सुंदर दिसतं, पण गोऱ्या रूपाची लाज आणि स्वतःकडे परतणं हा कॉमिकचा कणा त्यात सापडत नाही. हे नुकसान आहे आणि ते मोठं आहे.

मग मिळालं काय? तर आई मिळाली. कॉमिकमध्ये मुनीबा बराच काळ दारात उभी राहून काळजी करणारी आई आहे. मुलीचं गुपित आपल्याला कधीच कळलं होतं, असं ती खूप उशिरा सांगते. तो प्रसंग हृद्य आहे, पण तोवर आईची स्वतःची गोष्ट काही नसते. मालिकेत मुंबईत वाढलेल्या झेनोबिया श्रॉफ यांनी केलेली मुनीबा स्वतः कुणाची तरी रुसलेली मुलगी आहे. तिची आई सना कराचीत राहते, ताऱ्यांच्या वाटेने आपण वडिलांपर्यंत पोचलो अशी बालपणीची गोष्ट सांगते, आणि लोक तिला स्वप्नाळू म्हणतात. त्या गोष्टींना कंटाळून मुनीबा अमेरिकेला आली आहे. म्हणून कमलाच्या स्वप्नाळूपणाचा तिला राग येतो. म्हणून ती बांगडीला अडगळ म्हणते. आईच्या कडकपणाला असं कारण मिळालं की पाहणाऱ्या मुलीलाही आपल्या आईकडे वेगळ्या नजरेने बघावंसं वाटतं.

पाचवा भाग हा या मालिकेचा गाभा. आयेशा या कथेत दुसऱ्या मितीतून आलेली स्त्री आहे. १९४२ मध्ये, चले जाव आंदोलनाच्या काळात, हसन नावाच्या ब्रिटिशविरोधी तरुणाशी तिची गाठ पडते, दोघं संसार मांडतात, सना जन्मते. मेहविश हयात आणि फवाद खान यांनी तो संसार फार हळुवार केला आहे. १९४७ मध्ये तिघं कराचीच्या गाडीसाठी स्टेशनवर येतात. गर्दीत ताटातूट होते, आयेशावर वार होतो आणि मरता मरता ती बांगडीच्या बळावर मदत मागते. मदतीला येते ती पंचाहत्तर वर्षांनंतरची पणती. कमला लहानग्या सनाला, म्हणजे आपल्याच आजीला, सुटत्या गाडीत बापापर्यंत पोचवते. आजी आयुष्यभर सांगत आली ती ताऱ्यांची वाट नातीचीच होती. घरात जिचं कुणी ऐकलं नाही ती म्हातारी खरं बोलत होती, हे तीन पिढ्यांना एकदम कळतं.

काळप्रवासाच्या कथा पुष्कळ आहेत. या भागातलं स्टेशन मात्र खरं वाटतं, आणि मला त्याचं कारण ते करणाऱ्या माणसांत दिसतं. हा भाग लिहिला फातिमा असगर यांनी. फाळणीच्या जखमेवर त्यांचा कवितासंग्रह आहे. दिग्दर्शन शरमीन ओबैद-चिनॉय यांचं. त्या कराचीच्या, माहितीपटांसाठी दोन ऑस्कर मिळवलेल्या, आणि फाळणी अनुभवलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून जपणाऱ्या ‘सिटिझन्स आर्काइव्ह ऑफ पाकिस्तान’ या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. स्टेशनवर माणूस कसा हाक मारतो, पोर हातातून सुटलं की बाई काय करते, हे ज्यांनी ऐकलं होतं त्यांनी ते चित्रित केलं. आपला पासपोर्ट पाकिस्तानी आणि मुळं हिंदुस्थानात, या अर्थाचं जे वाक्य आजीच्या तोंडी येतं, ते पिंपरीतली सिंधी आजी दोन्ही देशांची अदलाबदल करून जसंच्या तसं म्हणू शकेल.

ज्या भागांना असा ऐकीव आधार नव्हता ते फसले आहेत. आयेशाच्या जमातीतले जिन्न, त्यांची नूर नावाची मिती, तिचा पडदा फाटला तर जग बुडेल ही धमकी, हे सगळं घाईत उभं केलेलं आहे. जमातीची म्होरकी नजमा क्षणात क्रूर आणि क्षणात हळवी होते. कामरानचंही तसंच. कॉमिकमध्ये तो कमलाला आवडतो आणि मग दगा देतो. त्या प्रसंगातून, भुललीस ही तुझीच चूक, हा आरोप मुलींच्या माथी कसा मारला जातो, ते लेखिकेने धीटपणे मांडलं होतं. मालिकेत कामरान नजमाचा बिचारा मुलगा झाला आणि तो धडा हरवला. आईला मोठं करताना प्रियकराला निरुपद्रवी करायची गरज नव्हती.

सुपरनायिकांच्या मुळाशी अशी खुडबूड नवी नाही. वंडर वूमन १९४१ साली आली तेव्हा तिच्या आईने, राणी हिप्पोलिटाने, तिला मातीतून घडवलं होतं. बापाची गरजच नव्हती. २०११ मध्ये कॉमिकने तिला झ्यूसची मुलगी केलं आणि २०१७ च्या चित्रपटानेही तेच घेतलं. माझ्या मते हा तोट्याचा व्यवहार होता. आईच्या हातची माती जाऊन देवबापाचं रक्त आलं आणि एक विलक्षण नातं साधं झालं. कॅप्टन मार्व्हलच्या २०१९ च्या चित्रपटाने उलटं केलं: कॉमिकमधला मार्-व्हेल हा पुरुष योद्धा पडद्यावर स्त्री शास्त्रज्ञ झाला, आणि नायिकेला वारसा एका बाईकडून मिळाला.

मराठी माणसाला हे अनोळखी वाटू नये. जेजुरीच्या खंडोबाच्या जागरणात म्हाळसा आणि बाणाई यांची गोष्ट वाघ्या-मुरळी सांगतात. बाणाई कुणाची, धनगरवाड्यात कशी आली, म्हाळसेचं आणि तिचं भांडण कसं मिटलं, याचे पाठ गावागणिक बदलतात. धनगरांच्या ओवीत बाणाईला जागा जास्त मिळते. २०१४ मध्ये, कमलाचा पहिला अंक आला त्याच वर्षी, झी मराठीवर ‘जय मल्हार’ सुरू झाली आणि दोघींच्या नात्याला रोजच्या मालिकेचा विस्तार मिळाला. कुणी मूळ कथा मोडली म्हणून रागावलं, कुणी भक्तीने पाहिलं. सांगणारा कोणाच्या बाजूला बसून सांगतो यावर नायिकेचं मूळ ठरतं, हे आपल्या लोककलावंतांना कुणी शिकवावं लागलं नाही.

कमलाच्या बाबतीत पडद्याने कागदालाही वळवलं. मालिकेच्या शेवटी ब्रुनो तिला सांगतो की तिच्या जनुकांत काही वेगळं आहे, म्हणजे ती म्यूटंट आहे. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, कॉमिकमधली कमला स्पायडरमॅनच्या एका अंकात मारली गेली आणि परत आली ती इनह्युमन असून म्यूटंटही होऊन. परतीनंतरची कॉमिक-मालिका लिहिली पडद्यावर कमलाची भूमिका करणाऱ्या इमान वेलानी यांनी, पडद्यावरच्या मालिकेच्या लेखकचमूतल्या सबीर पिरझादा यांच्यासोबत. वेलानी यांचा जन्म कराचीचा, वाढ कॅनडातली. लहानपणी आवडीने वाचलेल्या नायिकेची भूमिका करून मग तिचीच पुढची गोष्ट लिहायला मिळणं, असं भाग्य फार थोड्या अभिनेत्रींना लाभतं. पाकिस्तानात डिस्ने प्लस नव्हतं, म्हणून पडद्यावरची मालिका तिथे चित्रपटगृहांत दाखवली गेली. जिथून आयेशाची गाडी सुटली तो देश आणि जिथे ती पोचली तो देश, दोन्हीकडे तिचं घर लोकांनी ओळखलं.

आता प्रश्न आपल्या बाजूचा. कराचीहून निघून मुंबई बंदरात उतरलेल्या, तिथून छावणीत आलेल्या, तंबूत किंवा एका खोलीत संसार मांडून पापड-लोणची विकणाऱ्या आयेशा पिंपरीतही होत्या. त्यांच्या पणत्या आज इथल्याच महाविद्यालयांत शिकतात, चाकणच्या कारखान्यांत आणि हिंजवडीच्या कंपन्यांत नोकऱ्या करतात, मराठी सफाईने बोलतात आणि सिंधी थोडंफार समजतात. त्यांच्यापैकी कुणाची गोष्ट चित्रकथेत आलेली मला माहीत नाही. चेटीचंडची मिरवणूक निघते, चालिहोचे उपास होतात, दाल-पकवान सगळ्या शहराला आवडतं, पण बोटीवर काय झालं, कुठला दागिना कोणत्या दिवशी विकला, कोण मागे राहिलं, हे घराबाहेर येत नाही. अमेरिकेतल्या एका संपादिकेने सहकाऱ्याला सांगितलेल्या घरच्या किश्शांतून कमला झाली. इथे किस्से आहेत, चित्रं काढणारी मुलं आहेत, दोघांची भेट होत नाही.

ती घडवून आणायला आता वेळ थोडा आहे. १९४८ मध्ये जी मुलगी दहा वर्षांची होती ती आज नव्वदीच्या घरात असेल. जगभरातल्या आठवणी गोळा करणारं ‘१९४७ पार्टिशन आर्काइव्ह’ आहे, अमृतसरला २०१७ पासून फाळणीचं संग्रहालय आहे, पण कॅम्पातल्या आजीपर्यंत पोचायला लांबच्या संस्थेची वाट पाहायची गरज नाही. तुमच्या घरात किंवा शेजारी अशी कुणी असेल तर या रविवारी तिच्यापाशी बसा, फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि तिच्या आईचं नाव विचारा. ती ताऱ्यांची गोष्ट सांगू लागली तर मधे अडवू नका.